मुलांशी केलेला करार कोणास बांधतो?

जून महिन्याच्या मध्यास आपल्या शाळा उघडतात. पहिल्याच आठवड्यात कित्येक शिक्षक व शिक्षिका बालवाडीतील आणि पहिलीतील मुलांस गोल बसवून, "आपल्या वर्गात आपण एकमेकांशी कसे वागावे?" असे विचारतात; मुले जे सांगतील ते एका मोठ्या कागदावर उतरवितात; आणि खाली प्रत्येक मुलाच्या तळहाताचा रंगीत ठसा घेऊन तो कागद भिंतीवर लावतात. यास कोणी वर्गाचे नियम म्हणतात, कोणी वर्गाचा करार म्हणतात. ही चाल चांगली आहे असे आमचे मत आहे. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार न करता ती चालविली तर तिच्यापासून हितापेक्षा अहितच अधिक होईल, असे आम्हांस भय वाटते. तो प्रश्न असा की, पाच-सहा वर्षांचे मूल खरोखर वचन देऊ शकते काय? आणि ते पुरतेपणी देऊ शकत नसेल, तर त्याच्या हाताचा ठसा घेणाऱ्या मोठ्या माणसावर कोणती जबाबदारी येते?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. सन 2009 साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला व तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलांस शारीरिक शिक्षा करणे व त्यांचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टी मना केल्या आहेत. शिक्षकाच्या हातातील छडी कायद्याने काढून घेतली, हे योग्यच झाले. परंतु रिकाम्या झालेल्या त्या हातात काय द्यावे, हे कायदा सांगू शकत नाही. ते काम शिक्षकाचे, आईबापांचे व गावाचे आहे. वर्गाचा करार हे त्या प्रश्नास शिक्षकांनी दिलेले एक उत्तर होय. म्हणून ते खरे आहे की दिखाऊ, हे पाहणे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. पहिल्या पक्षाचे लोक म्हणतात, "लहान मुलास काय कळते? त्यास धाक हवा. मोठे झाल्यावर त्यास नियमाचे कारण समजेल. आज त्याने ऐकावे एवढे पुरे." दुसऱ्या पक्षाचे लोक म्हणतात, "मुलांनी स्वतः केलेला नियम मुले आपोआप पाळतात. शिक्षकाने फक्त बाजूस उभे राहावे." आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. पहिला पक्ष मुलाचे दुबळेपण ओळखतो, पण त्याची वाढ ओळखत नाही. दुसरा पक्ष वाढ ओळखतो, पण मोठ्या माणसाचे कर्तव्य विसरतो.

प्रथम आपल्या ओळखीच्या जगाकडे पाहू. बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर निमगाव केतकी हे गाव आहे. विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी त्याचे नाव आहे, आणि आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपुरास जाताना तेथे मुक्काम करते. या सर्व मुलखात पाण्याची पाळी म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत नीरा नदीचा डावा कालवा खणला गेला, तेव्हापासून पाटाच्या पाण्याची पाळी ही बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्याच्या जीवनाची घडी होऊन बसली आहे. रात्री दोन वाजता कंदील किंवा विजेरी घेऊन दारे धरणारा शेतकरी आपला वेळ संपताच पाणी पुढच्या शेताकडे सोडतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणी अधिकारी उभा नसतो. आपण आज पाणी सोडले तर उद्या आपणांस मिळेल, एवढा भरवसा त्यास असतो. आणि ही व्यवस्था मोडते केव्हा? दुबळ्याने एखादे वेळी घाई केली म्हणून ती सहसा मोडत नाही. चारीच्या तोंडाशी बसलेला बलवान मनुष्य पाळी सोडून पाणी घेऊ लागला आणि त्यास कोणी विचारीनासे झाले, म्हणजे शेवटच्या टोकाचा शेतकरीही नियम मानीनासा होतो. करार टिकतो तो बलवानाने स्वतःस बांधून घेतल्यामुळे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; वर्गातील करारास ती जशीच्या तशी लागू पडते.

आता मुलांकडे वळू. मुलांस नियम करण्याची अक्कल नसते असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी देवळापुढच्या किंवा शाळेपुढच्या पटांगणात थोडा वेळ उभे राहावे. विटीदांडू असो, लपंडाव असो की गोट्या असोत, राज्य कोणावर, डाव केव्हा बाद, हद्द कोठवर, हे मुले आपसांत ठरवितात, भांडतात आणि पुन्हा ठरवितात. इतकेच नव्हे, तर सर्वांत लहान भावंड खेळावयास आले तर त्यास 'कच्चे लिंबू' ठरवून खेळू देतात. ते बाद झाले तरी त्यावर राज्य येत नाही. नियम सर्वांस सारखा असावा, पण दुबळ्याचा भार सबळाने उचलावा, हे न्यायाचे एक सूक्ष्म तत्त्व मुलांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या गोट्यांच्या खेळाचाच अभ्यास केला व 1932 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांस मोठी चमत्कारिक गोष्ट आढळली. पाच-सहा वर्षांची मुले म्हणत की, खेळाचे नियम वाडवडिलांपासून चालत आलेले आहेत व ते कोणासही बदलता येत नाहीत. आणि हीच मुले खेळताना ते नियम सर्रास मोडीत, व मोडले हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. दहा-बारा वर्षांची मुले म्हणत की, नियम आपणच केलेले आहेत व सर्वांची संमती असेल तर ते बदलता येतात. आणि हीच मुले ते काटेकोर पाळीत. ज्यास नियम वरून आलेला, अढळ वाटतो तो तोंडाने मानतो व हाताने मोडतो. ज्यास तो आपला वाटतो तो पाळतो.

येथे पहिल्या पक्षाचा मनुष्य म्हणेल, "मग आमचेच खरे ठरले. पाच वर्षांच्या मुलास करार कळत नाही, हे तुमचेच शास्त्र सांगते." होय, त्यास करार पुरता कळत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु मूल चालू लागल्यावरच त्यास उभे करावे, असे कोणती आई म्हणते? ती त्याचे बोट धरून त्यास उभे करते. ते दहा वेळा पडते. प्रत्येक वेळी ती उचलते. वचन पाळणे हीही एक चालच आहे. जे मूल पाचव्या वर्षी बोट धरून वचनाच्या वाटेने चालले नाही, ते पंधराव्या वर्षी एकाएकी चालू लागेल ही आशा व्यर्थ होय. म्हणून लहान मुलाशी केलेला करार हा दस्तऐवज नव्हे, अभ्यास होय. दस्तऐवज मोडला म्हणजे दंड. अभ्यास चुकला म्हणजे पुन्हा अभ्यास.

धाकाचे बळ किती असते याचीही एकदा परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील आयोवा येथे कुर्ट लेविन व त्यांचे सहकारी यांनी सुमारे दहा वर्षांच्या मुलांच्या लहान लहान मंडळांवर निरनिराळ्या वृत्तीचे पुढारी नेमून पाहिले, व त्याचा वृत्तान्त 1939 साली प्रसिद्ध केला. काही पुढारी सर्व हुकूम स्वतः देत. काही मुलांबरोबर बसून काम ठरवीत. काही मुलांस अगदी मोकळे सोडीत. हुकूम देणारा पुढारी खोलीत असे तोवर काम जोरात चाले. तो बाहेर गेला की बहुतेक थांबे. जेथे काम मिळून ठरविलेले असे, तेथे पुढारी बाहेर गेला तरी ते जवळजवळ तसेच चालू राही. आणि ज्यांस नुसते मोकळे सोडले होते, त्यांचे काम फारसे झालेच नाही. तेव्हा धाक डोळ्यापुरता असतो, आणि मोकळीक ही शिक्षण नव्हे. शिक्षकाने बाजूस उभे राहावे म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षानेही हे विसरू नये.

येथवर वर्गाच्या कराराची बाजू मांडली. आता त्यातील धोका सांगतो, व आमच्या लेखाचे सार तेच आहे.

कित्येक वर्गांत असे होते की, नियम शिक्षकाच्या मनात आधीच ठरलेले असतात. मुलांस विचारावयाचे, त्यांनी सांगितलेल्यातून आपणांस हवे ते उचलावयाचे, नको ते सोडावयाचे, आणि ठसे घ्यावयाचे. मग श्रावणात एखाद्या मुलाने गडबड केली की त्यास भिंतीसमोर उभे करून म्हणावयाचे, "हा तुझाच हात ना? तूच कबूल केले होतेस ना?" वाचकहो, ही छडीपेक्षा वाईट छडी आहे. छडीचा मार बाहेरून येतो व मूल जाणते की तो बाहेरचा आहे. येथे मुलाचा स्वतःचा हात त्याच्याविरुद्ध साक्षीदार केला जातो. अशा मुलास वचनाचा अर्थ काय कळेल? वचन म्हणजे बलवानाने दुबळ्यास पकडण्याचा फास, हाच अर्थ त्याच्या मनावर ठसेल, आणि पुढे ते स्वतः बलवान झाले की तोच फास दुसऱ्यावर टाकील.

'करार' हा शब्द आपल्या वाचकांस शास्त्रामुळे चांगला परिचित आहे, म्हणून येथे एकच गोष्ट सुचवितो. जलप्रलयानंतर नोहाशी जो करार झाला त्यात स्वतःस बांधून घेणारा पक्ष कोणता? थोर पक्षच स्वतःस बांधून घेतो, आणि मेघांतील धनुष्य हे त्याच्या स्वतःच्या आठवणीसाठी ठेवलेले चिन्ह आहे. जेथे एक पक्ष फार मोठा व दुसरा फार लहान असतो, तेथे कराराचा पहिला भार मोठ्यावर पडतो. वर्गाच्या भिंतीवरील कागदासही आम्ही हाच नियम लावतो. तो कागद प्रथम शिक्षकाने पाहून आठवण करावी यासाठी आहे.

पोलंडमधील वैद्य व अनाथांचे पालक यानुश कोर्चाक यांनी हे तत्त्व शेवटास नेले. 1912 साली उघडलेल्या वॉर्सा येथील अनाथगृहात त्यांनी मुलांचे न्यायालय स्थापिले. न्यायाधीश मुलेच असत. कोणतेही मूल दुसऱ्या मुलावरच नव्हे, तर शिक्षकावरही तेथे फिर्याद करू शके, आणि खुद्द कोर्चाक एकाहून अधिक वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिले. त्या न्यायालयाच्या संहितेची पहिली 99 कलमे क्षमेची होती. ऑगस्ट 1942 मध्ये नाझींनी त्या मुलांस ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा कोर्चाक यांनी मुलांस सोडले नाही. ते त्यांच्याबरोबर गेले व मेले. मुलांशी केलेला करार मोठ्यास किती दूरवर बांधू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

फिर्यादीची वाट मोकळी असावी ही गोष्ट आपल्या देशातही नवी नाही. आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या शांत होतात; परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते, आणि चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो. एवढ्या मोठ्या समुदायाची शिस्त टिकते, तिचे एक कारण हे की, तक्रार सांगण्याची रीत त्या शिस्तीतच घालून ठेवलेली आहे. ज्या वर्गात मुलास "गुरुजी, आज तुम्ही आमचे ऐकून घेतले नाही" असे न भिता म्हणता येते, त्या वर्गात करार आहे. जेथे म्हणता येत नाही, तेथे केवळ कागद आहे.

तर मग सर्वच गोष्टी मुलांच्या संमतीवर सोडाव्या काय? मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्यास शाळेत शिकत होते, तेव्हा त्यांस इतर मुलांपासून दूर, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. तो तुकडा रोज घरून आणावा व परत न्यावा लागे. आणि शिपाई पाणी वाढावयास नसला तर त्यांस तहानलेले राहावे लागे. त्या वर्गातील मुलांस गोल बसवून विचारले असते, तर बहुमताने हीच व्यवस्था कायम झाली असती. मुले घरची हवा घेऊनच शाळेत येतात. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. म्हणून करारापूर्वीच्या काही गोष्टी शिक्षकाने स्पष्ट सांगितल्या पाहिजेत: या वर्गात कोणास मारावयाचे नाही, कोणास वेगळे बसवावयाचे नाही, नळ, ताट व सतरंजी सर्वांची एक. या गोष्टींवर मते घ्यावयाची नाहीत. त्या पायावर उभे राहून मग कसे वागावे हे मुलांनी ठरवावे.

दुसरी एक गोष्ट आमच्या मुलखास विशेष लागू आहे. बारामती व इंदापूर तालुक्यांत साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू झाला की बीड व इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात, आणि उन्हाळा लागता परत जातात. त्यांची मुले कधी शाळेत बसतात, कधी कोप्यांपाशी धाकटी भावंडे सांभाळतात. अशी मुलगी मार्गशीर्षात वर्गात आली, तर भिंतीवरील कागदावर तिचा हात नसतो. ती रांग मोडते, खडू उचलते, मोठ्याने बोलते, आणि इतर मुले बोट दाखवून म्हणतात, "बाई, हिने नियम मोडला." जो करार तिने केला नाही तो तिने मोडला कसा? अशा वेळी शिक्षिकेने तो कागद उतरवून सर्व मुलांस पुन्हा गोल बसवावे व विचारावे, "आपल्यात आता एक जण वाढली आहे, हिच्यासाठी काय बदलावे?" यास अर्धा तास लागेल. परंतु तेवढ्या अर्ध्या तासात चाळीस मुले जो न्याय शिकतील तो वर्षभराच्या पाठांनी शिकविता येणार नाही. फडावर राहणारे मूल ही वर्गाच्या कराराची खरी कसोटी होय.

ताराबाई मोडक यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास काम केल्यावर त्यांनी 1945 पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, व 1957 पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्यासह गरिबांच्या व आदिवासींच्या मुलांत काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. मुलांनी शाळेचे काही ऐकावे असे वाटत असेल तर शाळेने मुलांचे काही आधी ऐकले पाहिजे, हे त्यांनी करून दाखविले.

आता थोड्या व्यवहाराच्या सूचना करतो. नियम तीन-चारच असावे. लहान मुलाच्या ओंजळीत अधिक मावत नाही. ते होकारार्थी असावे. "धावू नका" म्हटल्याने मुलास धावणेच आठवते. "वर्गात चालावे, पटांगणात धावावे" म्हटल्याने त्यास वाट दिसते. अक्षर न येणाऱ्यांसाठी शेजारी चित्र काढावे. शब्द मुलांच्या बोलीतले ठेवावे. प्रत्येक नियम करून पाहावा; पोषण आहाराच्या वेळी नळापाशी हात धुण्याची पाळी कशी लावावी, हे बोलून नव्हे, तर नळाशी उभे राहून शिकवावे. त्याच कागदावर शिक्षकाने आपलेही एक-दोन नियम लिहावे, जसे "मी तुमचे बोलणे पुरे होऊ देईन", आणि आपला ठसा मुलांच्या ठशांत उमटवावा. नियम मोडला तर "शिक्षा काय?" असे न विचारता "आता हे नीट कसे करू या?" असे विचारावे, सांडले त्याने पुसावे, ढकलले त्याने उचलावे, दुखविले त्याने जवळ बसावे. आणि महिन्यातून एकदा तो कागद पुन्हा वाचून, निरुपयोगी झालेला नियम सर्वांच्या संमतीने काढून टाकावा.

शेवटी आईबापांस दोन शब्द. शाळेतील करार घरच्या उंबऱ्याशी मरतो किंवा जगतो. बाजारास जाताना "येताना पाटी आणीन" असे बाप म्हणतो, विसरतो, आणि मुलाने आठवण केली की त्याच्यावरच ओरडतो. अशा घरातील मुलास वचनाचे मोल शाळेत कसे शिकविता येईल? आपण मुलांकडून सत्याची अपेक्षा करतो. परंतु मुलास दिलेले वचन हे आपल्या हिशोबी वहीत कोठेच मांडलेले नसते. ते सर्वांत आधी फेडावयाचे ऋण आहे, कारण त्याचा सावकार इतका लहान आहे की तो तगादा लावू शकत नाही.

पाच वर्षांचे मूल वचन देऊ शकते काय, असा प्रश्न आम्ही आरंभी केला होता. आमचे उत्तर असे की, ते एकट्याने देऊ शकत नाही. परंतु ज्याच्याबरोबर द्यावयाचे तो मनुष्य आपले वचन पाळणारा असेल, तर त्याच्या सोबतीने ते देऊ शकते, आणि हळूहळू पाळावयास शिकते. म्हणून शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, भिंतीवर मुलांचे हात उमटवा. पण आपला हात प्रथम उमटवा, आणि वर्षाच्या अखेरीस कागद उतरविताना आधी आपल्याच ठशाचा हिशोब पाहा.